बाबूराव पेंटर : रंगवलेल्या पडद्यापासून प्रकाशाच्या पडद्यापर्यंत

उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला बाबूराव पेंटर यांच्या जीवनाचे आणि कार्याचे प्रमुख टप्पे सांगता येतील. त्यांच्या पूर्वायुष्यातील कारागिरीचा त्यांच्या चित्रपटदृष्टीशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल. आणि ज्या कलावंताची बहुतेक निर्मिती आज पाहावयास मिळत नाही, त्याचे चरित्र वाचताना कोणते भान ठेवावे, याचा विचार करता येईल.

१. प्रास्ताविक

चित्रपटातील वास्तववादाचा विषय निघाला की इटलीचे नाव हटकून घेतले जाते. दुसऱ्या महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्या देशात रोबेर्तो रोसेलिनी, व्हित्तोरिओ दे सीका यांसारखे दिग्दर्शक कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरले आणि सामान्य माणसाचे जगणे त्यांनी पडद्यावर आणले. दे सीका यांचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्ज’ हा चित्रपट या प्रवाहाचा मानदंड समजला जातो. सायकल चोरीला गेल्यामुळे नोकरी धोक्यात आलेला एक गरीब बाप आणि त्याचा लहान मुलगा, एवढीच त्याची कथा.

मात्र या चित्रपटाच्या तेवीस वर्षे आधी, १९२५ मध्ये, कोल्हापुरात एक मूकपट तयार झाला होता. त्यात देव नव्हते, राजे नव्हते, चमत्कारही नव्हते. सावकाराच्या खोट्या कागदामुळे जमीन गमावलेला एक शेतकरी त्यात होता. तो चित्रपट म्हणजे ‘सावकारी पाश’ आणि त्याचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर. त्यांचे चरित्र समजून घेताना आपण एक प्रश्न सतत समोर ठेवणार आहोत. पौराणिक पडदे रंगवणारा एक कारागीर शेतकऱ्याच्या झोपडीपर्यंत कसा पोहोचला, आणि त्याची त्याला कोणती किंमत मोजावी लागली?

२. घराणे आणि हातांचे शिक्षण

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. आडनावाकडे प्रथम लक्ष द्या. ‘मेस्त्री’ किंवा ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्र’ या शब्दावरून आपल्याकडे आला असून त्याचा अर्थ आपल्या कामात तरबेज असलेला, उस्ताद असा आहे. पुढे लोकांनी त्यांना जे नाव दिले तेही व्यवसायाचेच, ‘पेंटर’. एक शब्द पोर्तुगिजांकडून आला, दुसरा इंग्रजांकडून. आणि दोन्ही मराठीत इतके रुळले की माणसाच्या ओळखीचा भाग झाले. बाबूरावांच्या बाबतीत ही दोन्ही नावे शब्दशः खरी ठरली. ते जन्माने मेस्त्री होते आणि कर्तृत्वाने पेंटर झाले.

त्यांचे घराणे कारागिरांचे होते. कलाशाळेत रीतसर शिक्षण घेण्याचा योग बाबूरावांना आला नाही. चित्रकला आणि शिल्पकला त्यांनी घरच्या वातावरणात, पाहून आणि करून आत्मसात केली. पाश्चात्त्य अकादमिक शैलीतील चित्रणाचे, म्हणजे छायाप्रकाश, शरीराची ठेवण आणि यथार्थदर्शन यांचे भानही त्यांनी असेच मिळवले. या प्रयत्नांत त्यांना साथ होती ती त्यांचे बंधू आनंदराव यांची. हे चुलतबंधू वयाने आणि अनुभवाने पुढे होते. ‘पेंटरबंधू’ या जोडनावाने दोघे ओळखले जात.

त्या काळच्या कोल्हापूरचाही विचार करावयास हवा. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयामुळे मल्लविद्या, गायन, चित्रकला आणि नाटक यांना तेथे पोषक भूमी लाभली होती. अल्लादिया खाँ यांच्यासारखे गवई आणि आबालाल रहिमान यांच्यासारखे चित्रकार याच नगरीत वावरत होते. संगीत नाटकांचा तो बहराचा काळ होता आणि नाटकमंडळ्यांना पडद्यांची गरज असे. राजवाडा, अरण्य, रस्ता, देवालय अशी दृश्ये दाखवणारे भव्य पडदे पेंटरबंधू रंगवू लागले. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठीही त्यांनी पडदे केले. सपाट कापडावर खोलीचा आभास निर्माण करणे ही या कामाची कसोटी होती आणि त्यात दोघांनी मोठे नाव मिळवले.

३. कॅमेऱ्याची जुळवणी

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने संपूर्ण भारतीय चित्रपट तयार करून दाखवला, ही गोष्ट पेंटरबंधूंच्या मनावर परिणाम करून गेली. दोघांनी मुंबईच्या बाजारातून एक प्रोजेक्टर मिळवला आणि ते चित्रपटांचे खेळ करू लागले. खेळातून पोट चाले; पण खरा उद्देश यंत्र समजून घेण्याचा होता.

येथे थोडे थांबून या यंत्राचे तत्त्व पाहू. प्रोजेक्टरमध्ये फिल्म अखंड सरकत नाही. दातेरी चाके फिल्मच्या कडेच्या छिद्रांत अडकतात, एक चौकट पुढे ओढतात आणि खिडकीसमोर क्षणभर थांबवतात. फिल्म सरकत असताना एक झडप प्रकाश अडवते. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारणपणे १६ चौकटी अशा रीतीने पुढे जात. कॅमेऱ्याचे तत्त्वही हेच. फरक इतकाच की प्रोजेक्टरमधून प्रकाश बाहेर पडतो, तर कॅमेऱ्यात तो आत येतो. ज्याला एक यंत्र उमगले त्याला दुसऱ्याची वाट सापडते. पेंटरबंधूंना ती सापडली होती.

परंतु १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. पहिल्या चित्रपटाची स्वप्ने पाहत असतानाच बाबूराव एकटे पडले. या प्रसंगी त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले. गुरुशिष्यांनी सुटे भाग घडवत, जुळवत, बिघडलेले पुन्हा उकलत १९१८ मध्ये चालू स्थितीतील कॅमेरा तयार केला. परदेशी यंत्र विकत घेण्याइतका पैसा हाती नव्हता हे खरे. पण केवळ अडचणीतून असे यंत्र उभे राहत नाही. त्यासाठी लाकूड, धातू आणि मापे यांची पिढीजात जाण लागते. मेस्त्री घराण्याचा वारसा तो हाच.

४. महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि ‘सैरंध्री’

याच सुमारास कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना झाली. तिला भांडवल पुरवले ते तानीबाई कागलकर या गायिकेने. मराठी चित्रपटाच्या या पायाभरणीत एका कलावंत स्त्रीचा पैसा आणि विश्वास आहे, ही गोष्ट विसरू नये. दामले यांच्याबरोबर एस. फत्तेलाल हेही बाबूरावांच्या हाताखाली घडू लागले.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. तो ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. विराटाच्या घरी अज्ञातवासात असलेली द्रौपदी, तिच्यावर वाईट नजर टाकणारा कीचक आणि भीमाने केलेला त्याचा वध, हे कथानक मराठी प्रेक्षकाला नवे नव्हते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक याच कथेवर होते आणि त्यातील राजकीय रूपक ओळखून सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली होती. ‘सैरंध्री’तील वधाचे दृश्य इतके प्रत्ययकारी होते की सेन्सॉरने त्यावर कात्री चालवली. लोकमान्य टिळकांनी मात्र या चित्रपटाचा गौरव करून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

‘सैरंध्री’चे आणखी एक महत्त्व आहे. चित्रपटात काम करणे हे तेव्हा कुलीन स्त्रीला शोभणारे मानले जात नसे. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका पुरुषाने केली होती. बाबूरावांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना कॅमेऱ्यासमोर आणले. कमलादेवी आणि सुशीलादेवी ही त्यांची पडद्यावरील नावे. समाजाचा रोष पत्करून त्यांनी हे काम केले.

५. दिग्दर्शकाची दृष्टी

आता आपण या चरित्राच्या गाभ्याकडे येतो. मराठीत आपण ‘चित्रपट’ म्हणतो. ‘पट’ म्हणजे वस्त्र; चित्रपट म्हणजे चित्र काढलेले वस्त्र. ‘पडदा’ हा शब्दही नाटकातून चित्रपटात जसाच्या तसा आला. बाबूरावांच्या आयुष्यात ही शब्दांची वाटचाल प्रत्यक्ष घडलेली दिसते. त्यांनी प्रथम रंगवलेला पडदा हाताळला आणि मग प्रकाशाचा. विशेष हे की, ज्यांनी रंगवलेल्या पडद्यांवर कीर्ती मिळवली त्यांनीच चित्रपटातून ते पडदे दूर केले. आभास कसा निर्माण होतो हे त्यांना पक्के ठाऊक होते; म्हणूनच कॅमेऱ्यासमोर तो टिकत नाही हेही त्यांना आधी कळले. त्यांनी लांबी, रुंदी आणि खोली असलेले घडीव देखावे उभारले. भिंतीला जाडी आली, खांबाला मागची बाजू आली, माणूस त्यांच्यामधून चालू लागला.

चित्रीकरणापूर्वी ते प्रत्येक प्रसंगाची रेखाटने करीत. पात्रांचा वेष, त्यांच्या हालचाली, चौकटीतील जागा हे सारे कागदावर ठरलेले असे. १९२३ च्या ‘सिंहगड’ या चित्रपटासाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. त्या काळी चित्रीकरण सूर्यप्रकाशावर अवलंबून असे. तानाजीचा रात्रीचा छापा मात्र भरदुपारच्या उन्हात कसा पटावा? रात्र रात्रीसारखी दिसली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः बाबूरावांनी केली होती.

चित्रपटाची जाहिरातही त्यांनी कलाकृतीच्या पातळीवर नेली. भित्तिपत्रके ते स्वतः रंगवीत. ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांमध्ये गणले जाते.

६. ‘सावकारी पाश’

१९२५ मध्ये बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ निर्माण केला. कथा होती नारायण हरि आपटे यांची. येथे एक सूचना करणे आवश्यक आहे. ‘सिंहगड’शी संबंधित ते ह. ना. आपटे आणि ‘सावकारी पाश’चे ते ना. ह. आपटे. नावांची अदलाबदल असल्यामुळे परीक्षेत अनेकांचा गोंधळ होतो. ना. ह. आपटे यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून पुढे १९३७ मध्ये ‘कुंकू’ हा चित्रपट झाला.

‘सावकारी पाश’चे कथानक साधे आहे. एक शेतकरी सावकाराच्या कर्जात अडकतो. सावकार खोट्या दस्तऐवजाच्या बळावर त्याची जमीन हिरावून घेतो. घरदार सोडून शेतकरी शहरात जातो आणि गिरणीत मजूर होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. ज्यांनी तो चित्रपट पाहिला त्यांच्या आठवणींत एक दृश्य वारंवार येते: अंधारलेली, उदास झोपडी आणि तिच्यापाशी केकाटणारे कुत्रे. मूकपटात कुत्र्याचा आवाज ऐकू येणे शक्य नव्हते. तरीही पाहणाऱ्यांना तो ऐकू आला असावा, असे त्या आठवणी वाचताना वाटते.

ही कथा आपल्यापासून दूरची नाही. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. सुपे येथून सुरू झालेल्या त्या उठावात त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर आणि खातेवह्यांवर होता. कागद जाळले की पाश तुटेल, ही त्यांची समजूत. त्यानंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. पण सावकारी संपली नाही. खानदेशाची स्थितीही लक्षात घ्या. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, युद्ध संपताच ते कोसळले, आणि तेजीत घेतलेले कर्ज मंदीत मानेभोवती आवळले गेले. रेल्वे आली, जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल उभी राहिली. ज्याच्या शेतात कापूस पिके, त्याचाच मुलगा पुढे त्या कापसाच्या सुतावर मजुरी करू लागला. जामनेर, पाचोरा, चोपडा, शिरपूर अशा तालुक्यांतून हा अभ्यासक्रम करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या घरांत गहाणखताच्या गोष्टी आजी-आजोबांकडून ऐकलेल्या असतील. बाबूरावांनी पडद्यावर आणले ते हेच. अंगठा उमटवणाऱ्याला कागद वाचता येत नाही आणि कागदच त्याचे नशीब ठरवतो, ही त्या कथेची खरी शोकांतिका आहे.

चित्रपटाला अपेक्षित यश मिळाले नाही. पुराणातील चमत्कार आणि इतिहासातील पराक्रम पाहण्याची सवय झालेल्या प्रेक्षकाला स्वतःचेच दुःख पैसे देऊन पाहणे रुचले नसावे. बाबूराव पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांकडे वळले. याला माघार म्हणावयाचे की व्यवहार, हे ठरवताना कंपनीत काम करणाऱ्या कितीतरी माणसांचे पोट या चित्रपटांवर चालत होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

७. शिष्यांचे प्रस्थान आणि बोलपटाचा काळ

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही नकळत एक शाळा बनली होती. तिच्यात अभ्यासक्रम नव्हता, प्रमाणपत्रही नव्हते. सुतारकाम, रंगकाम, छायाचित्रण, रसायने, अभिनय असे सारे काही प्रत्येकाने हाताने करावयाचे, हीच रीत. १ जून १९२९ रोजी याच शाळेतील विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भांडवली साहाय्याने कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. ज्याच्यासोबत कॅमेरा घडवला तो शिष्यही गेला. त्यानंतर थोड्याच काळात महाराष्ट्र फिल्म कंपनीचा कारभार आटोपला.

त्याच वेळी चित्रपट बोलू लागला. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. बाबूरावांना हे परिवर्तन मानवले नाही. ध्वनीमुळे दृश्याची भाषा दुबळी होईल, असे त्यांचे मत होते. त्यांच्या दृष्टीने चित्रपट म्हणजे प्रथम चित्र. संवाद आले की दिग्दर्शक चित्र काढणे सोडून माणसांना बोलत ठेवील, अशी त्यांना धास्ती वाटे. तरीही शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी ‘उषा’ (१९३५) हा बोलपट केला आणि १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ बोलपटाच्या रूपात पुन्हा निर्माण केला. अकरा वर्षांपूर्वी ज्या विषयाने हात पोळले, तोच विषय पुन्हा हाती घेणे, यातून त्या कथेवरील त्यांची निष्ठा दिसते. १९३७ मध्ये त्यांचा ‘प्रतिभा’ आला.

योगायोग असा की १९३६ मध्येच दामले आणि फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ प्रदर्शित झाला आणि पुढील वर्षी इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. देहूचे घर, आवलीचा त्रागा, तिचा राबता संसार यांचे त्या चित्रपटातील चित्रण इतके खरे आहे की त्यामागे कोल्हापूरच्या कार्यशाळेतील शिकवण स्पष्ट जाणवते. गुरूचे नाव श्रेयनामावलीत नव्हते. त्याची दृष्टी मात्र शिष्यांच्या कामात उतरली होती.

८. अखेरची वर्षे आणि मूल्यमापन

पुढील काळात बाबूरावांच्या हातून चित्रपट थोडे झाले. शांताराम यांच्या राजकमल संस्थेच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) या चित्रपटाच्या दिग्दर्शनात गुरुशिष्य पुन्हा एकत्र आले. चित्रकला आणि शिल्पकला यांची साथ त्यांनी कधी सोडली नाही. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

या तारखेच्या आसपासच्या घटना पाहा. १९५२ मध्ये भारतात पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि त्यात ‘बायसिकल थीव्ज’ दाखवला गेला. १९५३ मध्ये बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. जमिनीवरील कर्ज फेडण्यासाठी कलकत्त्यात रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. तिच्यावरील इटालियन प्रभावाची चर्चा झाली आणि ती योग्यही होती. परंतु जमीन गमावणारा आणि शहराच्या यंत्रात जाणारा शेतकरी भारतीय पडद्यावर त्याआधी अठ्ठावीस वर्षे येऊन गेला होता, हे फार थोड्यांच्या स्मरणात राहिले. बाबूराव तेव्हा हयात होते.

हे विस्मरण का झाले? एक कारण सरळ आहे. मूकपटाच्या काळातील फिल्म अत्यंत ज्वालाग्राही होती, हवामानाने ती कुजत असे आणि तिच्यातील चांदीसाठी ती विकलीही जाई. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बहुतेक चित्रपटांप्रमाणे १९२५ चा ‘सावकारी पाश’ही आज उपलब्ध नाही. पुस्तक हरवले तर दुसरी प्रत सापडण्याची आशा असते. या चित्रपटांच्या प्रतीच मुळात मोजक्या होत्या. त्यामुळे बाबूरावांविषयी लिहिताना आपल्याला भित्तिपत्रके, छायाचित्रे आणि पाहणाऱ्यांच्या आठवणी यांवर विसंबावे लागते. अशा वेळी चरित्रकाराने दोन टोके टाळली पाहिजेत. जे दिसत नाही ते थोर होतेच असे मानू नये, आणि जे दिसत नाही ते नव्हतेच असेही मानू नये. इटलीच्या नववास्तववादाचे जनकत्व बाबूरावांना देण्याची गरज नाही. रोमच्या दिग्दर्शकांना कोल्हापूरचा पत्ता नव्हता, आणि युद्धाची राख व सावकाराची वही ही दोन वेगळी दुःखे आहेत. इतके मात्र निश्चित म्हणता येते की, आपल्या भोवतीच्या माणसाचे दुःख हाच चित्रपटाचा विषय होऊ शकतो, ही जाणीव मराठी मातीत स्वतंत्रपणे उगवली होती.

९. सारांश

कारागिराच्या घराण्यात जन्मलेल्या बाबूरावांनी औपचारिक कलाशिक्षणाविना चित्र, शिल्प आणि यंत्र ही तिन्ही क्षेत्रे आत्मसात केली. नाटकाचे पडदे रंगवताना त्यांना आभासाचे मर्म कळले आणि चित्रपटात त्यांनी आभासाऐवजी वास्तवाची वाट धरली. ‘सैरंध्री’ने त्यांना कीर्ती दिली, ‘सिंहगड’ने तंत्र पुढे नेले, तर ‘सावकारी पाश’ने भारतीय चित्रपटाला सामाजिक वास्तवाचा विषय दिला. त्यांच्या शिष्यांनी प्रभात उभारली. कोल्हापुरात खरी कॉर्नर येथे उभा असलेला कॅमेरा स्तंभ त्यांच्या कंपनीची आठवण जपतो. नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून शिकणाऱ्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या आयुष्यातून एक गोष्ट जरूर टिपावी: हाताला जे काम येते ते शिक्षणाच्या बाहेरचे नसते. पडदे रंगवताना कमावलेली नजरच बाबूरावांना पुढे कॅमेऱ्यामागे उपयोगी पडली.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. बाबूराव पेंटर यांच्या कारागिरीच्या वारशाचा त्यांच्या चित्रपटनिर्मितीवर झालेला परिणाम सोदाहरण स्पष्ट करा.

२. ‘सावकारी पाश’ला तत्कालीन प्रेक्षकांचा प्रतिसाद अल्प मिळाला, याची कारणमीमांसा करा.

३. ‘चित्रपट’, ‘पडदा’, ‘मेस्त्री’ आणि ‘पेंटर’ या शब्दांचा भाषिक प्रवास थोडक्यात लिहा.

४. उपक्रम : तुमच्या गावातील ज्येष्ठ व्यक्तींकडून सावकारी, गहाणखत किंवा गिरणीतील मजुरी यांविषयीच्या आठवणी मिळवा आणि त्यांच्या आधारे सुमारे ३०० शब्दांचे व्यक्तिचित्र लिहा. ऐकीव माहिती आणि खात्रीची माहिती यांतील फरक लेखनात स्पष्ट ठेवा.